पोटखराबा

आपल्या महसुली दफ्तरात पोटखराबा नावाचा एक शब्द आहे. नांगराखाली न येणारी, म्हणून जिच्यावर आकार बसत नाही अशी जमीन या सदरात जाते; आणि ज्या जमिनीपासून सरकारला वसूल नाही, त्या जमिनीपासून कोणालाच काही नसेल, अशी जी समजूत एकदा कारकुनाच्या लेखणीत शिरते ती पुढे मुलकी अंमलदाराच्या, नंतर कारखानदाराच्या आणि सरतेशेवटी आपणा सुशिक्षितांच्याही मनात बिनबोभाट घर करून बसते. कारखान्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण तो धूर सोडायला जागा रिकामी आहे हे धुराडे उभे राहण्याच्या फार आधी कागदावर ठरलेले असते, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

या दृष्टीने सौदी अरबस्तानाचा पूर्व किनारा पाहण्यासारखा आहे. १९३८ च्या मार्च महिन्यात दम्मामच्या सात क्रमांकाच्या विहिरीने भरघोस तेल दिले, तेव्हा परदेशी अभियंत्यांच्या नकाशावर तो सारा मुलूख म्हणजे एक अफाट पोटखराबाच होता. वस्तुतः त्या वाळवंटाला धनी होते. अमुक खोऱ्यात अमुक टोळीनेच, तेही ठरावीक ऋतूतच उंट चारावेत, झाडाची फांदी कोणी तोडू नये, अशी बंधने घातलेली राखीव कुरणे अरबस्तानात इस्लामपूर्व काळापासून चालत आलेली असून त्यांना ‘हिमा’ म्हणतात. आपले गायरान आणि आपली देवराई यांच्या मधली ही संस्था. तिचा कागद नव्हता, रिवाज होता. आणि कागद व रिवाज यांची गाठ पडली म्हणजे कोण हरतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

तेलाबरोबर जमिनीतून वायूही वर येतो. त्याला गिऱ्हाईक नव्हते, सबब तो विहिरीच्या तोंडाशीच पेटवून देत, आणि वर्षानुवर्षे त्या मुलखातली रात्र अशा ज्वाळांनी तांबूस होत असे. १९७२ साली स्टॉकहोम येथील परिषदेत इंदिरा गांधींनी, दारिद्र्य आणि गरज हीच सर्वांत मोठी प्रदूषके नव्हेत काय, असा प्रश्न जगाला विचारला, आणि आपल्या देशापुरता तो रास्तच होता. परंतु पुढच्याच वर्षी तेलाचे भाव कडाडून ज्या राज्याच्या खजिन्यात दौलत मावेनाशी झाली, त्या राज्याला दारिद्र्याची ही सबब लागू पडत नाही. आणि म्हणूनच आधी श्रीमंती येऊ द्या, स्वच्छता मागाहून आपोआप येईल, हा जो सिद्धांत आपल्याकडे मोठ्या विश्वासाने सांगितला जातो त्याची कसोटी घ्यायला सौदी अरबस्तानासारखे दुसरे उदाहरण नाही. तेथील ज्वाळा शमू लागल्या त्या १९७५ नंतर, वायू गोळा करून नळांवाटे कारखान्यांना पुरविण्याची प्रचंड योजना हाती घेतली गेली तेव्हा. हवा आहे तिथेच होती. वायूला मात्र आता किंमत आली होती. ज्या घाणीला भाव येतो ती उचलली जाते, हा व्यवहार मला समजतो, त्याला नाकही मुरडावेसे वाटत नाही; पण जिला कधीच भाव येणार नाही तिचे काय?

त्याच वर्षी स्थापन झालेल्या शाही आयोगाने जुबैल या मासेमारीच्या व मोत्यांच्या गावाशेजारी एक अवाढव्य उद्योगनगरी वसविली. न्यायाने सांगायचे तर ती बेबंद वाढलेली नाही. वाऱ्याची दिशा पाहून वसाहत आणि कारखाने यांच्या जागा नेमलेल्या, हवा मोजण्याची यंत्रे बसविलेली. इतकी तजवीज आमच्या लोटे-परशुरामच्या किंवा महाडच्या रसायनी वसाहतीत प्रथमपासून झाली असती तर दाभोळच्या खाडीतल्या आणि सावित्रीकाठच्या कोळ्यांना मेलेले मासे घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले नसते. पण समुद्राला वसाहतीसारखे वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊन बसविता येत नाही. इराणच्या आखाताची सरासरी खोली जेमतेम पस्तीस मीटर. होर्मुझच्या चिंचोळ्या दारातून त्याचे पाणी बदलायला काही वर्षे लागतात. या उथळ परातीतले पाणी उपसून, तेल आणि वायू जाळून ते गोडे करायचे, आणि उरलेला खारट, कोमट द्राव पुन्हा त्याच परातीत ओतायचा, असा हा रोजचा क्रम आहे.

त्यात १९९१ च्या जानेवारीत, कुवेतवर ताबा करून बसलेल्या इराकी सैन्याने लाखो पिंपे तेल समुद्रात सोडले. तो तवंग किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत जुबैलच्या अलीकडे अबू अली बेटाशी अडला. खडकाळ किनारा लाटांनी हळूहळू धुतला. पण खाजणात निराळेच घडले. कुर्ल्यांनी चिखलात पाडलेली बिळे कोकणच्या माणसाला परिचयाची आहेत. भरतीचे पाणी व हवा जमिनीच्या पोटात नेणाऱ्या त्याच वाटांनी तेल हातभर खोल उतरले, कुर्ल्या मेल्या, वरचा थर कोरडा, कडक होऊन बसला, आणि हवेवाचून ते तेल कुजेना की विरेना. दहा-बारा वर्षांनी संशोधकांनी खणून पाहिले तेव्हा ते खाली तसेच होते. खाजण हेही कोणत्याच दफ्तरात पिकाऊ म्हणून नोंदलेले नसते.

हे सारे आपल्यापासून दूरचे आहे, असे रत्नागिरीकडे तरी कोणी म्हणू नये. तिथल्या कित्येक घरांचे चिरे आणि मुलांची शिक्षणे आखातातल्या पगारावर उभी आहेत, आणि त्या पगाराला मी नावे ठेवणार नाही. पण २०१८ च्या एप्रिलात सौदी अरामको या कंपनीने भारतीय तेल कंपन्यांशी करार केला आणि दरसाल सहा कोटी टन तेल शुद्ध करणारा कारखाना राजापूर तालुक्यात नाणार येथे यायचे ठरले, तेव्हा त्या पगाराचा उगमच दाराशी येऊन उभा राहिला. गावकऱ्यांच्या विरोधापुढे २०१९ साली नाणारची अधिसूचना रद्द झाली. मग बारसूचे नाव निघाले आणि २०२३ च्या एप्रिलात तिथल्या सड्यावर माती तपासायला आलेल्या यंत्रांपुढे बाया-माणसे भर उन्हात आडवी झाली. हा सडा ओसाड आहे, असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. त्याच कातळावर दोन श्वापदांच्या मध्ये उभा असलेला एक मनुष्य कोणी प्राचीन हाताने कोरून ठेवला आहे, आणि २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत बारसूचे नाव आहे.

वाचकांपैकी ज्यांची गावाकडे जमीन असेल त्यांनी आपला सातबारा एकदा काढावा, पोटखराब्याच्या रकान्यात किती क्षेत्र पडले आहे ते पाहावे, आणि पावसाळ्यात तिथे कोणाची गुरे चरतात, कोणत्या विहिरीला तिथले पाणी मुरते, हे गावात जाऊन विचारावे.