कच्चा माल

माझा पुतण्या विनोद सांगून पोट भरतो. आमच्या पिढीत विनोद सांगून फार तर बायकोचा रोष पदरात पडे. याच्याकडे मात्र लोक तिकीट काढून येतात. एकट्याने माइकसमोर उभे राहून तास-दीड तास हसवायचे, याला स्टँडअप म्हणतात म्हणे. परवा त्याने आम्हा उभयतांना पहिल्या रांगेतली तिकिटे दिली. तीही फुकट. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दहा मिनिटे झाली नसतील, तोच हा म्हणाला, "माझे एक काका आहेत. खोलीतून बाहेर पडताना न चुकता पंखा बंद करतात. आत बसलेले असतात पाहुणे!" हशा उसळला. सर्वांत आधी आमची ही हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा.

रात्री तो जेवायला आमच्याकडेच आला. मी विचारले, "काय रे, हे तुला सुचतं तरी कसं?"

"काका, मी तुमच्याकडे चहाला उगाच येतो का?" तो म्हणाला. मग त्याने धंद्यातली गोम सांगितली. खटकलेली गोष्ट आधी वहीत टिपायची. दहा-बारा अनोळखी माणसांपुढे सांगून पाहायची. जिथे लोक खोकतात तिथले शब्द उडवायचे. हसवणारा शब्द अगदी शेवटी ठेवायचा. "'पाहुणे' आधी घेऊन बघितलं होतं. कोणी हसलं नाही." अमेरिकेतल्या जेरी साइनफेल्डने म्हणे पॉप-टार्ट नावाच्या खाऊवरचा एक विनोद दोन वर्षे घासला. फिलिस डिलर ही बाई १९५५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोत रंगमंचावर उभी राहिली. तिने पुढे पन्नास हजारांच्या वर विनोद कार्डांवर टाइप करून विषयवार कपाटात लावले; ते कपाट आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ती नवऱ्याची यथेच्छ टिंगल करी. पण तो 'फँग' नावाचा नवरा काल्पनिक होता.

"मग तुला काल्पनिक काका नाही मिळाला?"

"तुमच्याइतका चांगला नाही मिळत हो!"

यावर मला राग यायला हवा होता. पण त्या रात्री झोप उडाली ती निराळ्याच कारणाने.

आमच्या अण्णांना उतारवयात कमी ऐकू येई. कोणी काहीही विचारले, की ते म्हणत, "उत्तम!" "अण्णा, गुडघा फार दुखतोय का?" "उत्तम!" हे मी कचेरीत वर्षानुवर्षे नकलेसकट सांगत असे. एकदा कचेरीतली मंडळी घरी आली आणि आग्रह झाला म्हणून, अण्णा समोर आरामखुर्चीत बसलेले असताना, मी ते सांगितले. सगळे हसले. सगळे हसताहेत हे पाहून अण्णाही हसले. मंडळी गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. "काय रे, कशाला हसत होते सगळे? मलाही सांग की."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, दुसराच एक विनोद सांगितला. ते पुन्हा हसले. "उत्तम!" म्हणाले.

माझ्या विनोदात एक शब्द खोटा नव्हता, वाईटही नव्हता. तरी तो त्यांच्या कानात सांगायला माझी जीभ रेटली नाही. कोणाची थट्टा करावी आणि कोणाची करू नये, याचा निकाल बहुधा तिथेच लागतो. पुतण्याने निदान मला ऐकू येईल अशा जागी बसवले होते.

सकाळी त्याला फोन केला. "पंख्याचं चालू दे. फक्त पुढच्या वेळीही मला पहिल्याच रांगेत बसव."

"नक्की, काका! आणि काकूंना?"

"तिला मागे कुठेतरी. ती फार लवकर हसते."