जिवंताची छाया

मेलेल्याचें भूत ही कल्पना आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु दूर असलेल्या जिवंत मनुष्याची आकृति घरांत दिसते, ही समजूत तिच्याहून अधिक विचार करण्याजोगी आहे.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्यास एका वृद्ध बाईंनीं आम्हांस आपली हकीकत सांगितली. मुलगा मुंबईस नोकरीला. एके दिवशीं तिन्हीसांजेस त्या तुळशीपुढें दिवा लावीत असतां तो पडवीच्या खांबाशीं उभा दिसला. हाक मारतांच नाहींसा झाला. घरांत रडारड झाली. चार दिवसांनीं पत्र आलें. मुलगा खुशाल होता. गांव तें सारें विसरून गेला. तो दगावला असता, तर तीच गोष्ट चार पिढ्या सांगितली गेली असती!

विलायतेंतही याचा शोध झाला आहे. १८८२ सालीं लंडनमध्यें अशा विषयांसाठीं मंडळ स्थापन झालें. त्यांतील तिघां विद्वानांनीं १८८६ सालीं ७०० च्या वर हकीकती प्रसिद्ध केल्या. १८९४ सालच्या अहवालांत १७,००० लोकांपैकीं दहांत सुमारें एकानें जागेपणीं कांहीं भास झाल्याचें सांगितलें. भास म्हणजे वेड नव्हे, इतकें त्यावरून दिसतें. तथापि जुळलेली गोष्ट स्मरणांत राहते व न जुळलेली विसरते, हा आक्षेप उरतोच.

आमचा प्रश्न निराळा आहे. कऱ्हाडच्या सखूची कथा सर्वांस ठाऊक आहे; १९४१ सालीं ‘प्रभात’नें तिच्यावर बोलपटही काढला. सासरच्यांनीं तिला बांधून घातलें, तेव्हां विठ्ठलानें तिचें रूप घेऊन ते बंध स्वतः पत्करले आणि सखू पंढरीस गेली. तें रूप घरांत राबत राहिलें. कोणास शंकाही आली नाहीं. कां? कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते. पण आम्हांस वाटतें, त्या घरानें सखूकडे कधीं पाहिलेंच नव्हतें, तिच्या कामाकडे तेवढें पाहिलें होतें.

मिरजोळ्याच्या माउलीस नसलेला मुलगा दिसला. कऱ्हाडच्या घरास असलेली सून दिसली नाहीं. यांत अधिक भयंकर कोणतें, हें वाचकांनींच ठरवावें. मुलाचें दोन महिने पत्र नव्हतें, असें त्या बाई सहज बोलून गेल्या. छाया खरी कीं खोटी, याचा निर्णय पंडित करोत. वाट पाहणाऱ्यास वेळेवर चार ओळी धाडणें मात्र आपल्याच हातीं आहे.