बेसमेंटमधली डबी

लेकीकडे पेनसिल्व्हेनियात गेलं की माझी खोली ठरलेली असते, बेसमेंटमधली. यंदा जानेवारीत गेले तर पलंगाशेजारच्या स्टुलावर एक बुटकी गोल डबी उघडीच ठेवलेली. उघडं भांडं दिसलं की हात आपोआप झाकणाकडे जातो. तेवढ्यात जिन्यावरून जावई म्हणाले, "आई, तिला हात नका लावू. दोन दिवस तशीच राहू दे."

डबीत कोळसा होता. खोलीतल्या हवेतला रेडॉन वायू तो धरून ठेवतो. मग डबी बंद करून प्रयोगशाळेत पाठवायची आणि आकड्याची वाट बघायची. डबी उघडी असेपर्यंत घराची दारं-खिडक्या लावलेली, त्याही डबी उघडण्याच्या बारा तास आधीपासून. मला उठल्या उठल्या आधी खिडकी उघडायची सवय. ते दोन दिवस मी हात बांधून बसले.

आम्ही बायका घर नाकाने ओळखतो. दूध लागलं, डाळ करपली, कपाटात दमट वास येतोय, हे दुसऱ्या खोलीतून कळतं. सिलिंडर गळतोय हेही नाकालाच कळतं, पण तो वास मुळात गॅसचा नसतो. लोकांना कळावं म्हणून कंपनीत तो मुद्दाम मिसळतात. रेडॉनमध्ये कोण काय मिसळणार? तो कंपनीतून येतच नाही. खडकात आणि मातीत थोडं युरेनियम असतं, ते झिजत झिजत रेडियम होतं, आणि रेडियमपासून हा वायू. रंग नाही, वास नाही, चव नाही. पावणेचार-चार दिवसांत त्यातला निम्मा संपतो, पण संपताना पोलोनियमचे कण मागे ठेवून जातो. ते धुळीला चिकटतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजाने त्या देशात दर वर्षी सुमारे 21,000 माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात. त्यात सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले फार, कारण धूर आणि रेडॉन एकमेकांचं बळ वाढवतात. पण आयुष्यात कधी सिगारेटला हात न लावलेलेही त्यात आहेत.

राहत्या घरांतल्या रेडॉनकडे अमेरिकेचं लक्ष गेलं, तेही याच पेनसिल्व्हेनियात. लिमरिकला अणुवीज केंद्र बांधलं जात होतं. 1984 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या वॉट्रस नावाच्या अभियंत्याच्या अंगावर किरणोत्सर्ग असल्याची घंटा दारातली यंत्रं वाजवू लागली. केंद्र तर अजून सुरूसुद्धा झालेलं नव्हतं. शोधत शोधत मंडळी त्याच्या घरी पोचली आणि घंटेचं कारण तिथे सापडलं. आज ज्या मापात 4 आलं की उपाय करा म्हणतात, त्याच मापात त्या घराचा आकडा सुमारे 2,700 होता. माणूस कामावरून विष घरी आणतो असं आपण समजतो. हा घरून कामावर नेत होता. खाणीत हा प्रकार जुनाच, जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांचा छातीचा आजार कर्करोग आहे, हे 1879 मध्येच डॉक्टरांनी ओळखलं होतं. पण राहत्या घराकडे कुणी खाण म्हणून कशाला बघेल?

आमचा आकडा आला 9. खात्रीसाठी दुसरी डबी ठेवली, तिनेही जवळपास तेच सांगितलं. फोनवर व्याही म्हणाले, "इतकी वर्षं राहताय ना, काय झालं? काही होत नाही हो." हे 'काही होत नाही' आपल्याकडे औषधासारखं घेतात. लेक गप्प बसली. मग मला म्हणाली, "शेजारच्यांचा दीड आला होता गं, म्हणून आम्ही आजवर मोजलंच नाही." एका भिंतीच्या अंतरावर जमीन वेगळी, पायाच्या भेगा वेगळ्या. शेजाऱ्याचा आकडा त्याच्याच घरापुरता.

मला नवल वाटलं ते वायूला आत बोलावतं कोण, याचं. बोलावतं घरच. थंडीत वर हीटर चालू असतो. गरम हवा वर चढते, माळ्याच्या फटींतून निसटते, आणि तिची जागा भरायला घर खालून हवा ओढतं, फरशीच्या भेगांतून, नळ जिथे आत शिरतात त्या भोकांतून. म्हणजे नातवंडांना गारठा लागू नये म्हणून केलेली ऊबच मातीतला वायू वर आणते. आमच्या वाईच्या घरात हे कसं होणार होतं? तिथे दार सकाळी उघडलं की रात्रीच लागायचं. तरी भारतातल्या घरांतही रेडॉन असतोच. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली माणसं कितीतरी वर्षं तो मोजत आली आहेत.

उपाय करायला एक माणूस आला. मला वाटलं, भेगा बुजवेल. त्याने भेगा बुजवल्या, पण तेवढ्याने भागत नाही म्हणाला, आणि उलट फरशीला नवं भोक पाडलं. त्यात पांढरा जाड पाइप बसवला, तो घराबाहेरून छपराच्या वर नेला, मध्ये एक पंखा लावला. घर जितक्या जोराने ओढतं त्याहून जास्त जोराने पंखा फरशीखालून ओढतो, आणि वायू घरात शिरण्याआधीच आकाशात जातो. पंखा रात्रंदिवस चालू. नंतरच्या मोजणीत 1 आला. शून्य कधी येत नाही, मोकळ्या हवेतही थोडा असतोच. आणि 4 म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना या मापात पावणेतीनच्या आसपासच थांबा म्हणते. साडेतीनचं घर एका पुस्तकात पास, दुसऱ्यात नापास, फुप्फुसं तीच.

त्या पाइपवर डोळ्यांच्या उंचीला एक काचेची वाकडी नळी आहे, त्यात लाल पाणी. पंखा ओढत असला की एका बाजूचं पाणी वर आणि दुसऱ्या बाजूचं खाली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तर पंखा बंद पडला समजायचं. जन्मभर तराजूची पारडी सारखी झाली की मला बरं वाटायचं. आता दिवा मालवण्याआधी चष्मा लावून नळीपाशी जाते. काल रात्रीही गेले. डावीकडचं पाणी दोन बोटं वर होतं. मग पांघरूण घेतलं.