जवसाची चटणी पचवतं कोण?

पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या शिवारात धान कापणीला येण्याआधीच, उभ्या पिकात, बांधीतल्या ओलीवर लाखोरी आणि जवस फेकतात. पुढे तो जवस तव्यावर तडतडतो, लसूण-मिरचीसोबत कुटला जातो आणि भातावर येतो. भाजताना जरा लक्ष चुकलं की कडू.

या चटणीतली लिग्नॅन नावाची द्रव्यं आहेत तशी आपल्या फारशी कामाची नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं एंटरोलॅक्टोन करतात, मग ते रक्तात उतरतं. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की रक्तातलं हे प्रमाण घटतं. खाणारे आपण, पदरात काय पडणार, ते ठरवणारे दुसरेच.

हे उमगायला फार वेळ लागला. जंतू म्हणजे शत्रू, ही एकोणिसाव्या शतकाची शिकवण पक्की होती. १९४० च्या आसपास स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्त्झ यांनी सांधेदुखीसाठी सल्फासॅलाझिन आणलं, तेही एक जंतुनाशक आणि एक दाह शमवणारं द्रव्य जोडून. ते अल्सरेटिव्ह कोलायटिसलाही, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या आजारालाही, लागू पडलं. श्रेय कोणाचं? १९७७ मध्ये ऑक्सफर्डला आझाद खान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जंतुनाशकाचा भाग जवळजवळ बिनकामाचा. गुण येतो तो दुसऱ्या भागाचा, आजच्या मेसालामिनचा. आणि ही जोडी आतड्यात तोडतात जिवाणूच! मला या सगळ्या इतिहासात हाच क्षण सर्वात मोठा वाटतो.

मग चित्र भराभर पालटलं. १९८० मध्ये संशोधक रोडिगर यांनी मांडलं की मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन ब्युटिरेट. ते जिवाणू चोथ्यापासून बनवतात. २००८ मध्ये फ्रेंच संशोधकांना दिसलं की क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहक आजाराच्या ज्या रुग्णांत ब्युटिरेट बनवणारा एक जिवाणू कमी, त्यांचा आजार शस्त्रक्रियेनंतर जास्त वेळा उलटतो. पण हे जिवाणू सगळे सज्जन, असंही नाही. जन्मजात कोलायटिसकडे झुकलेले उंदीर पूर्ण निर्जंतुक वाढवले तर त्यांना तो होत नाही.

आता या आजारासाठी सुचवली जाणारी हळद. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलेलं हळदीचं अमेरिकी पेटंट जखमेसाठीचं होतं, आतड्याचं नव्हे. २००६ च्या जपानी चाचणीत कोलायटिस आटोक्यात असलेल्या ८९ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधाबरोबर रोज २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. त्यांच्यात आजार कमी उलटला. भारतात ४५० मिलिग्रॅमच्या चाचणीत फरक पडला नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे २ ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद. एवढी हळद घालून वरण कोणी करत नाही. वनस्पती निरुपद्रवी, हाही भ्रमच: निळीपासून केलेल्या औषधाने जपानमध्ये कोलायटिसला चांगला गुण दिला, पण या औषधाने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढल्याचं आढळल्याने चाचणी आवरती घ्यावी लागली.

गावाकडे शौचातून रक्त गेलं की मूळव्याध नाहीतर आव, एवढंच निदान होतं. आतड्याचा क्षयही अगदी क्रोन्ससारखा दिसतो आणि दोन्हींचे उपचार वेगळे. म्हणून रक्त आठवड्यांमागून आठवडे जात असेल तर काढे करत बसू नका; दुर्बिणीची तपासणी करून घ्या. चटणी खुशाल खा, पण आजाराने आतडं अरुंद झालं असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि हळदीच्या गोळ्या सुरू केल्या म्हणून मेसालामिन सोडू नका.