सालदार नव्हे, लेकरू



नशिराबादच्या शिवारात सालदार म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. आखाजीला साल संपते, हिशेब होतो.

उधळ्या पुत्राने (लूक 15) बापाकडे अशीच चाकरी मागायचे ठरवले होते. करुणामय बापाने त्याचे बोलणे पुरे होऊ दिले नाही. झगा, अंगठी, जोडे देऊन लेकाची जागा परत दिली. घरी राहिलेला थोरलाही स्वतःला चाकरच समजत होता. आपणही उपवास, मिस्सा यांचा हिशेब मांडतो आणि चुकलेल्या भावाला दाराबाहेर ठेवतो.

स्नानसंस्काराने आपण देवाची लेकरे झालो. लेकराचे साल कधी संपत नाही. या आठवड्यात पापनिवेदन करू या आणि अबोला धरलेल्या भावाच्या दारी आपणच आधी जाऊ या.