उषस्तीचे हुलगे आणि कुतचे शिपाई



आजचं वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय १, खंड १०.

गोष्ट छोटीशी आहे. कुरुदेशात गारपिटीने पिकं गेली. उषस्ती चाक्रायण नावाचा विद्वान बायकोला घेऊन एका गावात आला. तिथे एक माहूत कसलंसं हलकं कडधान्य खात बसला होता. (आपण हुलगे समजू.) उषस्तीने मागितलं. माहूत म्हणाला, ताटात आहेत तेवढेच. ‘मग त्यातलेच दे.’ खाऊन झाल्यावर माहुताने पाणी पुढे केलं, तर हा म्हणतो, नको, ते उष्टं! माहुताने बरोबर पकडलं : मग हुलगे काय उष्टे नव्हते? उषस्ती म्हणाला, ते खाल्ले नसते तर जगलो नसतो. पाणी मला हवं तिथे मिळेल.

हे वाचताना मला पुण्याचं नाव लावलेली एक फौज आठवते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होती. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ला तुर्कांनी तिला टायग्रिसकाठच्या कुतमध्ये वेढलं, आणि वेढा २९ एप्रिल १९१६पर्यंत चालला. अन्न संपत आलं तशी घोडी, खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं. बहुतेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे नाकारलं. भाजीपाला नाही, पीठ रोज कमी. त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. घोडा खाऊन गावी गेलो तर पंगतीला कोण बसू देईल, पोरीची सोयरीक कुठे जमेल, ही धास्ती. भूक पोटात आणि पंगत हजारो मैल लांब!

जनरल टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली. ती आलीही. तरी पुष्कळांनी लगेच तोंड लावलं नाही. अगदी शेवटी, एप्रिलमध्ये, भुकेपुढे अनेकांचा नाइलाज झाला.

धर्मगुरू चुकले असं मी म्हणणार नाही. आपद्धर्म आपल्याकडे जुनाच आहे. शांतिपर्वात विश्वामित्र दुष्काळात कुत्र्याचं मांस खायला निघतो. मला खुपतं ते हे, की उषस्तीची भूकही त्याची होती आणि मर्यादाही त्याचीच, वर ‘असं का?’ विचारणारा माणूस समोर बसलेला. कुतमध्ये परवानगी मागितली सेनापतीने, वेढ्यात आणखी काही दिवस निघावेत म्हणून. शिपायाचा आचार हिशेबात आला तो पुरवठ्यातली अडचण म्हणून. आमच्या महाळुंग्यात शिफ्टच्या तोंडाला ‘आज हेड किती?’ असं विचारतात. पण डब्यात काय खायचं, हे निदान त्या ‘हेड’च्या हातात असतं.

शरणागतीनंतर सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, हजारो मेले. आपल्याकडे कित्येक गावांत त्या महायुद्धाच्या पाट्या आहेत : या गावातून इतके गेले, इतके मेले. आकडे आहेत, नावं नाहीत.

म्हणून उपाशी राहिलेल्याला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वर्दी, बंदूक, लढाई सगळं दुसऱ्याचं. त्याचं स्वतःचं असं ते एक ‘नको’ उरलं होतं. ज्या पंगतीला तो भ्यायला, ती काही फार निर्मळ नव्हती, हेही खरं. तिथून कितीतरी जण आधीच उठवलेले होते. आणि ज्याने खाल्लं त्याला बाटलेला म्हणायचं असेल, तर आधी उषस्तीशी वाद घालावा लागेल.

उषस्तीने उरलेले हुलगे बायकोसाठी नेले. तिला आधीच भिक्षा मिळाली होती, तिने ते ठेवून दिले. सकाळी तेच शिळे हुलगे खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला आणि तिथल्या ऋत्विजांना विचारू लागला, तुम्ही गाताय त्याची देवता कोण? त्यातली एक देवता अन्न निघते. ते उद्या, खंड ११मध्ये.