पेंड आणि अळी

कोंबडी उकिरडा उकरून किडा टिपते, तेव्हा तिला कोणी पापी म्हणत नाही. तोच किडा माणसाने पाळून, वाळवून, दळून तिच्यापुढे ठेवला, तर हिंसा कुणाची?

युरोपीय संघाने 2021 साली कोंबडीखाद्यात किड्यांच्या पिठाला परवानगी दिली. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या टाकाऊ भाजीपाल्यावरही पोसतात. वाळवल्या की सुमारे 40 टक्के प्रथिनं. त्याने समुद्रातली मासळी वाचेल, सोयाबीनसाठी जंगलं तुटणार नाहीत, असं समर्थक म्हणतात. म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण किलोभर पिठात हजारो अळ्या जातात, हेही खरं.

‘आपण कोंबडी खात नाही, मग आपल्याला काय त्याचं?’ असं आपल्यातल्या बायका म्हणतील. पण बेळगाव-चिक्कोडीकडे जैन घरांतूनही सोयाबीन पिकतं. तेल निघालं की पेंड कोंबड्यांच्याच खाद्यात जाते. नांगराखाली आणि फवारणीत जीव तिथेही मरतात.

शास्त्राने गृहस्थासाठी भेद केलाय. शेतीधंद्यात ओघाने घडते ती उद्योगी हिंसा; मारायचं ठरवून केलेली ती संकल्पी. श्रावकाने निदान संकल्पी तरी सोडावी. मारण्यासाठीच वाढवलेली अळी या दुसऱ्या खात्यात पडते, म्हणून तिला माझा नकारच आहे.

पण पाठीवर पंप बांधताना मनात तरी काय असतं? हा भेद दुसऱ्याकडे बोट दाखवायला नाही. आपल्या शिवारातली एक फवारणी टळली, तरच तो कामी आला म्हणायचं.